शब्दांची चतुःसीमा

पेटंटाचा खटला म्हटला म्हणजे न्यायासनासमोर दोन यंत्रे मांडून, त्यांचे भाग सुटे करून, कोणी कोणाची नक्कल केली याची चौकशी चालत असावी, अशी सर्वसाधारण वाचकाची समजूत असते. प्रत्यक्षात पुष्कळ खटल्यांत यंत्रे टेबलावर झाकून ठेवलेली असतात आणि दोन्ही बाजूंचे नामवंत वकील, शास्त्रज्ञ साक्षीदार व खुद्द न्यायाधीश हे दिवसचे दिवस एखाद्या विशेषणाचा, एखाद्या नामाचा, क्वचित एखाद्या विभक्तिप्रत्ययाएवढ्या क्षुल्लक शब्दाचा अर्थ काय यावर घालवीत असतात. कारण त्या शब्दाचा अर्थ एकदा मुक्रर झाला की उरलेला खटला बहुधा आपोआपच निकालात निघतो. आग शमवण्याच्या साधनांचा व्यवसाय हा या दृष्टीने विशेष पाहण्याजोगा आहे, कारण तेथे ज्या शब्दांवर वाद माजतो ते सारे आपल्या नित्य परिचयाचे असतात आणि त्यांचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे अशी आपली पक्की खात्री असते.

कार्यालयाच्या, चित्रपटगृहाच्या किंवा मॉलच्या छतावर ओळीने बसवलेले स्प्रिंकलर आपण पाहतो, त्यांतला एखादा निरखून पाहावा. पितळी तोंडाच्या मध्यभागी बोटाच्या पेराएवढी काचेची एक बारीक कुपी असते. तीत रंगीत द्रव भरलेला असून हवेचा एक लहानसा बुडबुडा ठेवलेला असतो. खाली आग लागून छतालगतची हवा तापू लागली की द्रव प्रसरण पावतो, बुडबुडा दबत दबत नाहीसा होतो, आणि मग आत जागाच न उरल्यामुळे कुपी फुटते; तिने दाबून धरलेले झाकण निसटते आणि नळातले पाणी खालच्या दातेरी चकतीवर आपटून सभोवार फेकले जाते. द्रव लाल असेल तर कुपी ६८ अंश सेल्सिअसला फुटावयाची, पिवळा असेल तर ७९ अंशांना, हिरवा असेल तर ९३ अंशांना. चित्रपटांत दाखवतात त्याप्रमाणे सगळ्या इमारतीचे स्प्रिंकलर काही एकदम सुरू होत नाहीत. ज्या कुपीला आच लागली तेवढीच फुटते.

आता अशी कल्पना करा की हे साधन प्रथम शोधून काढणाऱ्याने आपल्या पेटंटात ‘उष्णतेने भंगणारी काचेची कुपी’ असे लिहिले, आणि प्रतिस्पर्ध्याने कुपीच्या जागी लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूने जोडलेली दुहेरी पट्टी बसवली. काम तेच, परिणाम तोच, परंतु कुपी नाही आणि भंगणेही नाही. मूळ संशोधकाने ‘उष्णतेला प्रतिसाद देणारा घटक’ असे लिहिले असते तर ती पट्टी त्याच्या कक्षेत आली असती. मात्र मग तितकाच व्यापक शब्द त्याला जुन्या शोधांच्या तोंडी नेऊन देता, कारण वितळणाऱ्या जोडाचा स्प्रिंकलर अमेरिकेतील न्यू हेवन येथील पियानोचे कारखानदार हेन्री पार्मली यांनी १८७४ मध्येच पेटंट करून ठेवला होता. शब्द आखूड घेतला तर शेजारी निसटतो आणि लांब घेतला तर पूर्वज आडवे येतात. पेटंट लिहिणाऱ्याची सारी कसरत या दोहोंच्या मधल्या जागेत चाललेली असते.

पार्मली यांच्या रचनेतही एक उणीव होती. वितळणारा जोड पाण्याने भरलेल्या भागाला चिकटून असल्याने पाणी त्याला थंड ठेवी आणि आग भडकली तरी जोड सुटण्यास विलंब लागे. फ्रेडरिक ग्रिनेल यांनी १८८१ च्या आपल्या पेटंटात तो जोड पाण्याच्या संपर्कातून बाजूला काढला आणि स्प्रिंकलर खऱ्या अर्थाने तत्पर झाला. उपकरण तेच, नवे काय ते जोडाच्या जागेत होते. आणि म्हणून ग्रिनेल यांच्यासारख्या संशोधकाच्या हक्काचा सगळा भार ‘संपर्क नसलेला’ अशा एखाद्या शब्दावर येऊन पडतो. किती अंतर राखले म्हणजे संपर्क नाही? मध्ये पातळ पत्रा असला तर? असले प्रश्न बाहेरच्या माणसाला कीस काढल्यासारखे वाटतात, परंतु कारखान्याचे भवितव्य त्यांवर टांगलेले असते.

पेटंटाचा दस्तऐवज दोन भागांचा असतो. पहिल्या भागात शोधाचे सविस्तर वर्णन येते, आकृत्या येतात, पूर्वी काय होते व त्यात कोणती अडचण होती याचे निवेदन येते. दुसऱ्या भागात, म्हणजे अगदी शेवटी, क्रमांक घातलेली काही वाक्ये असतात. वकील मंडळी त्यांना ‘क्लेम’ म्हणतात आणि न्यायालयात दाखल होणाऱ्या दाव्याशी त्यांचा घोटाळा होऊ नये म्हणून आपणही तोच शब्द ठेवू. आपल्याकडील १९७० च्या पेटंट अधिनियमाच्या १० व्या कलमात हीच व्यवस्था आहे: शोधाचे पूर्ण वर्णन द्यावे, तो अमलात आणण्याची अर्जदाराला ठाऊक असलेली उत्तम रीत सांगावी, आणि ज्या शोधाला संरक्षण हवे त्याची व्याप्ती ठरवणाऱ्या क्लेमने शेवट करावा. जमिनीच्या खरेदीखतात जमिनीची जात, विहीर, झाडे यांचे वर्णन कितीही रसाळ असले तरी मालकी ठरते ती चतुःसीमेवरून. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, एवढ्या चार ओळींवर पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालतात. क्लेम म्हणजे शोधाची चतुःसीमा. फरक एवढाच की येथे ती मोजणीदार घालून देत नाही. मालक स्वतःच लिहून आणतो, सरकारी परीक्षक तपासून काही छाटतो, आणि मग वीस वर्षांच्या मुदतीपर्यंत ती जगावर बंधनकारक होते.

ज्याने स्वतःच्या हाताने सीमा लिहिली त्याच्या शब्दांचा अर्थ कोणी आणि कोणत्या रीतीने लावावा, हा प्रश्न अमेरिकेत जितक्या बारकाईने चर्चिला गेला तितका अन्यत्र क्वचितच गेला असेल. तेथे पेटंटाच्या खटल्यात ज्यूरी बसते. हर्बर्ट मार्कमन या गृहस्थाचे पेटंट धुलाईच्या दुकानातील कपड्यांचा माग ठेवणाऱ्या यंत्रणेचे होते आणि सगळा वाद मालाची यादी या अर्थाच्या एका शब्दाभोवती फिरत होता: त्या यादीत नुसत्या पावत्या व रकमा आल्या तरी चालेल, की प्रत्यक्ष कपड्यांची नोंद हवी? ज्यूरीने मार्कमन यांच्या बाजूने कौल दिला, न्यायाधीशांनी तो फिरवला, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले की क्लेममधील शब्दांचा अर्थ लावणे हे न्यायाधीशाचे काम आहे, ज्यूरीचे नव्हे. तेव्हापासून तेथे मुख्य सुनावणीच्या आधी केवळ शब्दार्थासाठी स्वतंत्र सुनावणी घेण्याचा प्रघात पडला असून तिला मार्कमन यांचेच नाव चिकटले आहे.

अर्थ लावण्याच्या रीतीविषयीचा सर्वांत गाजलेला निवाडा आगीच्या विषयाशीही थोडा संबंध ठेवून आहे. एडवर्ड फिलिप्स यांनी पोलादी पत्र्याच्या पोकळ तुकड्यांपासून भिंती उभारण्याची एक पद्धत शोधली होती. त्या भिंती तुरुंगांसाठी उपयोगी पडाव्यात, मोडतोडीला दाद देऊ नयेत, त्यांनी भार पेलावा आणि आग व आवाज यांना अटकाव करावा, असा संकल्प होता. भिंतीच्या पोकळीत आतल्या बाजूला आडव्या पोलादी पट्ट्या बसवलेल्या होत्या. १९८९ मध्ये एका कंपनीशी त्यांचा विक्रीचा करार झाला, १९९० मध्ये तो संपला, पुढे कंपनी आपल्या परवानगीवाचून तोच माल विकते आहे असे त्यांना वाटले, आणि १९९७ मध्ये खटला उभा राहिला. प्रश्न असा निघाला की क्लेममधील ‘आडव्या पट्ट्या’ म्हणजे कोणत्या? पेटंटाच्या वर्णनात त्या तिरप्या दाखवल्या होत्या, कारण तिरप्या असल्या म्हणजे बंदुकीची गोळी आरपार न जाता वळते. प्रतिवादीच्या पट्ट्या मात्र भिंतीशी सरळ काटकोनात होत्या. खालच्या न्यायालयाने काटकोनातल्या पट्ट्या क्लेमबाहेर ठरवल्या.

२००५ मध्ये पेटंटांचे अपील ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा निर्णय उलटवला, आणि तो ज्या पायऱ्यांनी उलटवला त्या विचार करण्याजोग्या आहेत. न्यायालयाने प्रथम क्लेमच्याच मजकुराकडे पाहिले. पहिल्या क्लेममध्ये नुसत्या पट्ट्या होत्या आणि दुसऱ्या क्लेममध्ये गोळ्या वळवतील अशा रीतीने ठेवलेल्या पट्ट्या असा जादा तपशील होता. पहिल्यातच गोळ्या वळवण्याचा अर्थ अध्याहृत असता तर दुसरा क्लेम लिहिण्याचे प्रयोजन उरले नसते. मग वर्णनाकडे पाहिले, तर तेथे या पट्ट्यांची अनेक कामे सांगितली होती: भिंतीला आधार देणे, पोकळीत कप्पे करणे, गोळी अडवणे. प्रत्येक पट्टीने प्रत्येक काम केलेच पाहिजे असे कोठेही म्हटलेले नव्हते. सर्वांत शेवटी शब्दकोश. त्याआधी काही वर्षे कोशातला अर्थ आधी घ्यावा आणि मग पेटंटाकडे वळावे असा एक प्रवाह त्या न्यायालयात बळावला होता. पूर्णपीठाने तो क्रम उलटा केला आणि बजावले की शब्दाचा अर्थ त्या धंद्यातील जाणत्या माणसाने, अर्जाच्या तारखेस, संपूर्ण पेटंट वाचून जो घेतला असता तोच खरा. कोशकार सर्व जगासाठी लिहितो, पेटंटकार एका शोधासाठी लिहितो. माझ्या मते हा निवाडा योग्यच आहे, आणि कोश हाताशी आहे म्हणून धंद्यातल्या माणसाला विचारण्याची तसदी टाळणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा.

धंद्यातला अर्थ कोशातल्या अर्थाहून किती वेगळा असतो हे आगीच्या क्षेत्रात ठळकपणे दिसते. आपण घरात बसून बोलताना आग आटोक्यात आणली, आग शमवली, आग विझवली ही क्रियापदे आलटून पालटून वापरतो. स्प्रिंकलरविषयीच्या अमेरिकी प्रमाणग्रंथात मात्र यांच्या रेषा आखलेल्या आहेत. आग आटोक्यात ठेवणे म्हणजे तिचा विस्तार थोपवणे, आजूबाजूचा जळाऊ माल भिजवून ठेवणे आणि छताखालची उष्णता इतकी वाढू न देणे की इमारतीचा सांगाडा धोक्यात यावा; आग आपल्या जागी जळत असते आणि बंबवाले येईतो तिला तेथेच धरून ठेवायचे असते. तिचा जोर मोडणे म्हणजे ज्वाळांवर थेट आणि पुरेसे पाणी पाडून उष्णता निघण्याचा वेग झपाट्याने खाली आणणे व ती पुन्हा डोके वर काढणार नाही असे करणे. ती समूळ विझवणे हे याच्याही पुढचे. गोदामात उंच रचलेल्या मालासाठी १९८० च्या दशकात जे शीघ्र प्रतिसादाचे मोठे स्प्रिंकलर निघाले ते दुसऱ्या प्रकारचे, आणि जुने साधे स्प्रिंकलर पहिल्या प्रकारचे. आता एखाद्या क्लेममध्ये ‘आगीचा जोर मोडणारी यंत्रणा’ असे लिहिलेले असेल आणि प्रतिवादीची यंत्रणा आगीला फक्त आटोक्यात ठेवत असेल, तर सामान्य ज्यूरीला दोन्ही एकच वाटतील आणि अग्निशमन अभियंत्याला दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर दिसेल. कोणाच्या डोळ्यांनी वाचायचे याचे उत्तर फिलिप्स निवाड्याने देऊन ठेवले आहे.

शब्दाला धंद्याचा अर्थ द्यावा हे मान्य. पण लिहिणाऱ्याची चूक न्यायालयाने सुधारून द्यावी काय? याचे एक बोधप्रद, आणि काहीसे हास्यास्पद, उदाहरण पावाच्या कणकेचे आहे. शेफ अमेरिका या कंपनीच्या पेटंटात लिहिले होते की कणीक ४०० ते ८५० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २०४ ते ४५४ सेल्सिअस, ‘इतक्या तापमानापर्यंत’ तापवावी. हेतू उघड होता की भट्टी इतकी तापलेली असावी. परंतु वाक्याचा अर्थ पाहता कणीकच तितकी तापली पाहिजे आणि तसे केले तर तिचा कोळसा होतो. कंपनीने विनवले की ‘पर्यंत’च्या जागी ‘वर’ असे वाचावे. २००४ मध्ये न्यायालयाने साफ नकार दिला: शब्द स्वच्छ आहे, अर्थ एकच आहे, तो निरुपयोगी असला तरी तुमचा आहे. क्लेमचे फेरलेखन करणे हे न्यायालयाचे काम नव्हे. अग्निशमन यंत्राच्या पेटंटात ‘दाब इतका झाल्यावर’ आणि ‘दाब इतका असताना’ यांत असेच अंतर पडू शकते.

संख्यांचा प्रश्न याहून चिवट. इंग्लंडच्या उमराव-सभेपुढे १९८० मध्ये कॅटनिक खटला आला होता. दारा-खिडक्यांवरच्या पोलादी तुळईचा मागचा आधार ‘उभा’ असावा असे क्लेममध्ये होते आणि प्रतिस्पर्ध्याने तो ६ अंश कलता ठेवला होता. त्याने भार पेलण्याची शक्ती अवघी ०.६ टक्क्याने घटत होती. लॉर्ड डिप्लॉक यांनी विचारले की गवंडीकामातील जाणत्या माणसाला ‘उभा’ हा शब्द काटेकोर ९० अंश असाच वाचावासा वाटेल काय. उत्तर नकारार्थी आले आणि प्रतिवादी हरला. याच्या उलट अमेरिकेत १९९७ मध्ये एका रंगशुद्धीच्या प्रक्रियेच्या क्लेममध्ये द्रावणाचा पीएच सुमारे ६ ते ९ असा होता आणि प्रतिवादी ५ वर काम करीत होता. वरची ९ ची मर्यादा एका जुन्या पेटंटापासून वेगळे दिसण्यासाठी अर्जाच्या वेळी घातली गेली हे दप्तरात स्पष्ट होते; खालची ६ ची मर्यादा का घातली याचा मात्र खुलासा कोठेच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की परीक्षकासमोर जी मर्यादा स्वीकारली तिचे कारण सांगण्याचा बोजा अर्जदारावर आहे. सांगता आले नाही तर ती पेटंट मिळावे म्हणूनच घातली असे धरले जाईल आणि सोडून दिलेली जागा मागल्या दाराने परत मिळणार नाही. म्हणून पेटंट कार्यालयाशी झालेला सगळा पत्रव्यवहार हा क्लेमच्या अर्थाचाच भाग मानतात. घाईघाईत लिहिलेले एखादे उत्तर दहा वर्षांनी प्रतिपक्षाचा वकील मोठ्याने वाचून दाखवतो.

आता अग्निशमनाच्याच एका प्रकरणाकडे येऊ, जे मला या सर्वांत अधिक उद्बोधक वाटते, कारण त्यात यंत्र जवळजवळ तेच राहून शब्द बदलले. संगणकांच्या दालनात किंवा विमानात पाणी ओतता येत नाही, म्हणून तेथे वायू वापरतात. पूर्वी हॅलॉन हा रासायनिक वायू फार चाले. पण तो वातावरणातील ओझोनचा घात करतो असे सिद्ध झाल्यावर १९८७ च्या माँट्रियल कराराच्या अनुषंगाने प्रगत देशांनी १९९४ पासून त्याचे उत्पादन थांबवले आणि पर्यायांचा शोध सुरू झाला. एक पर्याय म्हणजे निष्क्रिय वायूंचे मिश्रण: ५२ टक्के नायट्रोजन, ४० टक्के अरगॉन आणि ८ टक्के कार्बन डायऑक्साइड असे एक मिश्रण पुष्कळ ठिकाणी बसवलेले आढळते. तो कार्बन डायऑक्साइड आगीसाठी नसून माणसासाठी आहे. त्याने श्वास खोल होतो आणि कमी ऑक्सिजनमध्येही माणूस तगतो.

इगोर कोटलियर यांनी याहून वेगळी वाट धरली. त्यांचे १९९८ चे एक पेटंट खेळाडूंना उंच डोंगरावरच्या सरावाचा लाभ सपाटीवर देणाऱ्या खोलीचे होते. यंत्राने हवेतला काही ऑक्सिजन काढून घ्यायचा आणि विरळ ऑक्सिजनची हवा खोलीत सोडायची. अशा हवेत आगही तग धरत नाही, आणि याचे कारण मोठे मनोहर आहे. ज्योतीला हवेत ऑक्सिजनचे प्रमाण किती टक्के आहे याच्याशी कर्तव्य असते. माणसाच्या फुप्फुसाला ऑक्सिजनचा दाब किती आहे याच्याशी. लेहसारख्या सुमारे ३५०० मीटर उंचीच्या गावी हवा विरळ असली तरी तिच्यात ऑक्सिजन २०.९ टक्केच असतो, म्हणून तेथे चूलही पेटते आणि घरेही जळतात. उलट समुद्रसपाटीवरच्या खोलीत ऑक्सिजन १५ टक्क्यांवर आणला तर माणसाला तो सुमारे २७०० मीटर उंचीवर गेल्यासारखा, म्हणजे लेहपेक्षा सुसह्य, लागतो. आणि बहुतेक नेहमीच्या पदार्थांना मात्र त्यात पेट घेणे अवघड होते. माणूस वावरतो आहे आणि आग लागू शकत नाही, अशी खोली या फटीत उभी राहते. २००२ मध्ये कोटलियर यांना या कल्पनेचे वेगळे पेटंट मिळाले. त्याच्या क्लेमची सुरुवात ‘माणसांच्या वावराच्या बंदिस्त जागेत श्वसनयोग्य, आगीला प्रतिबंध व तिचे शमन करणारे वातावरण पुरवणारी यंत्रणा’ अशा आशयाच्या शब्दांनी होते, आणि मग यंत्रणेचे भाग येतात: बाहेरच्या हवेहून कमी ऑक्सिजन असलेली खोली, तिचा दरवाजा, ऑक्सिजन वेगळा काढणारे उपकरण, त्याचे आत-बाहेरचे मार्ग.

हे पेटंट फायरपास कंपनीकडे होते. विमाने बनवणाऱ्या एअरबसने त्याची पुनर्तपासणी मागितली. एअरबसचे म्हणणे, थोडक्यात, असे की हे भाग कोटलियर यांच्याच जुन्या सरावाच्या खोलीत होते. वर ‘आग’ हा शब्द चिकटवल्याने नवा शोध होत नाही. पेटंट कार्यालयाच्या मंडळाने उत्तर दिले की सरावाची खोली हे आरोग्य व व्यायामाचे क्षेत्र आहे, अग्निशमनाचे नव्हे. आग रोखू पाहणारा अभियंता तिकडे पाहणार नाही, सबब ते जुने पेटंट येथे प्रमाण म्हणून घेता येत नाही. म्हणजे क्लेमच्या मथळ्यातील जे शब्द वरवर निव्वळ प्रास्ताविक वाटतात, त्यांच्यामुळे कोणते जुने ज्ञान विचारात घ्यायचे याचीच सीमा बदलली.

२०१५ मध्ये फेडरल सर्किट न्यायालयाने यावर अर्धा होकार आणि अर्धा नकार दिला. दोन्ही पेटंटांचे कार्यक्षेत्र वेगळे आहे, हे मंडळाचे मत पुराव्याला धरून आहे असे त्याने मान्य केले. परंतु क्षेत्र वेगळे असले तरी तो जुना दस्तऐवज संशोधकापुढच्या अडचणीशी रास्त संबंध ठेवतो काय, ही दुसरी कसोटी आहे. आणि कमी ऑक्सिजनने आग रोखता येते हे त्या क्षेत्रातील जाणत्यांना आधीपासून ठाऊक होते असे दाखवणारी जी जुनी कागदपत्रे एअरबसने पुढे केली होती, ती मंडळाने विचारात घेतलीच नव्हती. ती वाचून मग ठरवा, असा हुकूम देऊन प्रकरण परत पाठवण्यात आले. मला हा हुकूम रास्त वाटतो. धंद्यातल्या जाणत्या माणसाच्या डोळ्यांनी वाचायचे असे एकदा ठरले, की त्या माणसाला काय काय ठाऊक होते याकडे डोळेझाक करून चालत नाही. त्याचे ज्ञान शब्दाचा अर्थ रुंद करायला तेवढे बोलवायचे आणि अरुंद करायची वेळ आली की बाहेर बसवायचे, हा न्याय नव्हे.

आपल्या देशात ज्यूरी नसल्याने मार्कमन यांच्यासारखा प्रश्न उद्भवत नाही. वस्तुस्थितीही न्यायाधीशच ठरवतो आणि अर्थही तोच लावतो. वेगळ्या सुनावणीची सक्ती नाही. तथापि दिल्ली उच्च न्यायालयाने पेटंट खटल्यांसाठी २०२२ मध्ये जे नियम केले त्यांत क्लेममधील शब्दांचा आपण कोणता अर्थ घेतो याचे लेखी टिपण पक्षकारांनी द्यावे अशी तरतूद आहे, आणि ही चांगली सुरुवात म्हणावी लागेल. कारण दोन्ही बाजूंनी आपला अर्थ आधीच कागदावर उतरवला म्हणजे पुढे सोयीनुसार तो फिरवण्याला आळा बसतो.

पुण्या-नाशकाच्या औद्योगिक वसाहतींतून स्प्रिंकलर, झडपा, वायूच्या नळ्या, धूरसूचक यंत्रे बनवणारे लहान कारखानदार पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कोणी नवी रचना हाती घेणार असेल तर त्याला दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. भारतात दाखल झालेला अर्ज सामान्यतः अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो कोणालाही विनामूल्य वाचता येतो. प्रतिस्पर्ध्याचे पेटंट हाती आले की आकृत्या व सुरुवातीचे वर्णन बाजूला ठेवून शेवटचे क्लेम आधी वाचावेत, मग वर्णन, मग परीक्षकाशी झालेला पत्रव्यवहार. आणि स्वतःचा अर्ज लिहून घेताना वकिलाच्या शेजारी आपल्या कारखान्यातला जुना फिटर बसवावा; ‘घट्ट’, ‘लगत’, ‘सुमारे’, ‘उभा’ हे शब्द त्याच्या तोंडी कोणत्या अर्थाने येतात ते अर्ज सादर होण्यापूर्वी विचारून घ्यावे, कारण मंजुरीनंतर क्लेम आकुंचित करता येतात, रुंद करता येत नाहीत.